छातीपर्यंतचा शिपाई

शिलेदार म्हणावं तर घोडा नाही, पायदळ म्हणावं तर पाय नाहीत. खोक्यातून निघतो तो छातीपर्यंतचा, करड्या रेझिनचा (साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा), टकला माणूस. डोकं वेगळं, धड वेगळं आणि शिरस्त्राण तिसऱ्याच पिशवीत. पंधराव्या शतकातल्या युरोपी सैनिकाचा हा 1:10 मापाचा (खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा) पुतळा हौसेने रंगवायचा म्हणजे मुंबईच्या वन-बीएचकेत दोन महिने पाहुणा ठेवून घेणं. तो जेवत नाही एवढंच. जेवणाचं टेबल मात्र अडवतो, आणि त्याच्यापायी घरातला पंखा बंद राहतो.

पाहुण्याला आधी आंघोळ. साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला आतून सिलिकॉनचा हात दिलेला असतो आणि तो ओशटपणा सैनिकाच्या अंगावर राहतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, जुना टूथब्रश. पाणी कोमटच हवं, कारण कढत पाण्यात रेझिन मऊ पडतं आणि शिरस्त्राणाचा काठ पापडासारखा वळतो. (काठ मुळातच वाकडा आला असेल तर हाच गुण कामाला येतो. कढत पाण्यात मिनिटभर धरायचा, बोटांनी सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा.) घरातला नक्की कुणाचा टूथब्रश जुना, हे आंघोळीआधी ठरवून घ्यावं. आंघोळ चुकवली तर त्याची शिक्षा महिन्याभराने मिळते. मास्किंग टेप ओढली की तिच्याबरोबर गालाचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सोलून येतो.

मग घासकाम. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उठते, बहुधा कानामागून मानेवर उतरणारी. प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) लागेपर्यंत ती कुणाला दिसत नाही, आणि लागल्यावर दुसरं काही दिसत नाही. 400 नंबरचा वॉटरपेपर, त्यावर 800 चा, दोन्ही पाण्यात बुडवून. कोरडं घासायचं नाही. रेझिनची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून ओलं घासतानाही तोंडाला मास्क हवाच. ओतताना हवा साच्यातल्या उंच कोपऱ्यांत अडकते, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर फुग्यांची भोकं राहतात. ती झटपट चिकटणाऱ्या गोंदात टाल्कम पावडर कालवून बुजवावीत. खायचा सोडा घातला तर गोंद क्षणात दगड होतो, मग बाजूचं नाक झिजतं पण डाग तसाच राहतो. पावडरीचं मिश्रणसुद्धा तासाभरात घासून घ्यावं. उद्यावर टाकलं की ते सोड्याच्या वळणावर जातं.

डोकं धडाला एवढ्यात चिकटवायचं नाही. मानेत दीड मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तारेचा तुकडा बसवायचा आणि डोकं रिकाम्या औषधाच्या बाटलीच्या बुचावर उभं करून रंगवायचं. सकाळी चहाला उठलेल्या माणसाला ओट्यावर असं मुंडकं दिसू नये, एवढी काळजी मात्र आपण घ्यावी.

प्राइमर हा मुंबईतला खरा शत्रू. डब्यावर लिहिलेलं असतं, कोरड्या हवेत वापरा. जुलैत इथली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, म्हणजे ती सूचना दुसऱ्या कुठल्या तरी गावासाठी असावी. फवारलेल्या रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि सैनिकाला बुरशी आल्यासारखा पांढुरका थर चढतो. मे महिन्यात उलटा प्रकार. फवारा लांबून मारला तर रंग हवेतच वाळतो आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसतो. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर, फवारा सैनिकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या चादरी वाळत आहेत का हे वाकून बघायचं. पावसाळ्यात सरळ ब्रशने लावायचा प्राइमर घ्यावा. दोन पातळ हात, मध्ये रात्र जाऊ द्यावी. फवाराच मारणार असाल तर आधी सगळीकडे काळा, मग वरून तिरका पांढरा. उजेड कुठे पडतो याचा आयता नकाशा मिळतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण पुढे रंगाखाली तो नकाशा बुडतो.

ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून लावायचा, आणि तो आपल्या हवेत झाकणीतच वाळतो. म्हणून ओलं पॅलेट. जेवणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटरपेपर. रंग दोन-चार दिवस ओला राहतो, फक्त पावसाळ्यात त्या डब्यात स्वतंत्र सृष्टी उगवते. स्पंजाखाली तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवला तर बुरशी उशिरा येते. पंखा लावला तर ब्रशच्या टोकावर रंग सुकतो, बंद केला तर घामाचा थेंब बरोबर कपाळावर पडतो. सैनिकाच्या. ब्रश सिंथेटिक घ्यावा. मुंगसाच्या केसांचा कुणी प्रेमाने देऊ केला तर हात जोडावेत, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो बसत नाही.

कातडीला एकच ‘स्किन कलर’ फासला की सैनिक शोकेसमधल्या बाहुलीसारखा दिसतो. कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, आणि दाढीच्या भागात निळसर करडा, तोही इतका पातळ की लावला की नाही अशी शंका यावी. शंका आली म्हणून परत लावला, की दाढीऐवजी गालगुंड दिसतं. असे पाच-सहा पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर.

आणि मग डोळे. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीचं काम नवशिक्याला देत नाहीत, ते मुरलेल्या हाताकडे जातं. ही एकच गोष्ट मनावर घेतली तरी पुष्कळ. माणसाचं बुबुळ सुमारे 12 मिलिमीटरचं, म्हणजे या मापात 1.2. फोडणीतली बारीक मोहरी डोळ्यासमोर आणावी. त्यात बाहुली, आणि बाहुलीच्या कडेला खसखशीहून लहान चमक. डोळ्याचा पांढरा कधीही शुभ्र नसतो. त्यात किंचित करडा आणि किंचित गुलाबी घालावा, नाहीतर सैनिकाने भूत पाहिल्यासारखं वाटतं. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेलाच पाहिजे, पूर्ण गोल दिसला की तोच परिणाम. वरच्या पापणीखाली गडद तपकिरी रेघ, काळी नव्हे. उजव्या हाताने काम करत असाल तर जो डोळा अवघड पडतो तो आधी करा, सोपा त्याला जुळवून घेता येतो. उलट केलं तर एक डोळा चर्चगेटकडे आणि दुसरा विरारकडे. सगळ्यात बारीक ब्रश घेण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात रंग मावतच नाही आणि डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर सुकतो. 1 नंबरचा, टोकदार ब्रश बरा.

चिलखत त्यामानाने सुखाचं. कड्यांच्या जाळीला काळा-तपकिरी हात द्यायचा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने पोलादी रंग, कड्यांच्या आडवा, हलकाच. चंदेरी ओतला तर वर्ख लावलेली काजूकतली होते. एकमेकींवर घासणाऱ्या कड्या चमकतात, सांदीतल्या काळवंडतात, तेवढंच दाखवायचं. जुनं लोखंड खरोखर कोणत्या रंगाचं दिसतं हे पाहायला काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात एक चक्कर मारावी. चिलखताखालचा जाड अंगरखा म्हणजे लिननच्या थरांची वाकळच. त्याच्या टाक्यांच्या खाचांत पातळ तपकिरी सोडला की काम झालं.

शेवटी चिखल. 25 ऑक्टोबर 1415 ला, इंग्रज-फ्रेंचांच्या लढाईत, फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टला आदल्या रात्रीच्या पावसाने नांगरलेल्या शेताचा लगदा झाला होता आणि चिलखतधारी फ्रेंच त्यात रुतले. मुंबईच्या पावसात तुंबणाऱ्या मिलन सबवेखाली उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. राठ ब्रशवर पातळ मातकट रंग घेऊन अंगठ्याने खालून वर उडवायचा. छातीखाली दाट, गळ्याशी विरळ. इतक्या कष्टाने मळवलेला माणूस मग कामाच्या मावशींपासून वाचवावा लागतो. त्यांच्या हातातल्या ओल्या फडक्यापुढे अ‍ॅजिनकोर्टचा चिखल टिकत नाही. म्हणून मॅट वार्निश, तेही पावसाळ्यात ब्रशनेच, आणि शेवटी डोळ्यांत आणि खालच्या ओठावर चकचकीत वार्निशचा एकेक ठिपका.

एवढं करून तो काचेत बसला की येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘मावळा ना?’’ नाही म्हटलं की खाली वाकून काचेच्या तळाशी बघतो आणि म्हणतो, ‘‘बाकीचा अजून आला नाही वाटतं कुरिअरने?’’