‘नवी हायब्रीड घेऊन पस्तावलो’ या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. एक तारा आणि तीन तक्रारी: टोयोटाच्या २०१२ च्या जुन्या यारिस हायब्रीडइतकंही (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) अ‍ॅव्हरेज नवी यारिस देत नाही, इंजिन जास्त घरघरतं, आणि जुनी गाडी बदल्यात घेताना आम्ही बॅटरीचा बाऊ करून भाव पाडला. पहिल्या तक्रारीत आमचीही चूक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही घरी जाऊन जुन्या गाडीचं माहितीपत्रक काढलंत. त्यात १०० किलोमीटरला ३.५ लिटर, आणि नव्या गाडीच्या कागदावर त्याहून जास्त. कुणालाही वाटेल, फसवलं. पण हे दोन आकडे वेगवेगळ्या परीक्षांतले आहेत. जुनी गाडी एनईडीसी नावाच्या चाचणीतून गेली होती: जेमतेम ११ किलोमीटर, २० मिनिटं, वेग वाढवायचा तोही अगदी हळूहळू. तसं रस्त्यावर कुणीच चालवत नाही. २०१७ पासून नव्या मॉडेलांना डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी लागू झाली. ती २३ किलोमीटरची, अर्ध्या तासाची, वेग ताशी १३० किलोमीटरच्या वर नेणारी. सोप्या पेपरातले मार्क आणि अवघड पेपरातले मार्क शेजारी लिहिले, तर हुशार पोरगाच मागे दिसणार. हे आम्हाला माहीत होतं. पण आकडा वाईट दिसतो, गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून आमच्या माणसाने तो विषयच टाळला आणि ‘कमीच पितेय साहेब’ म्हणून मोकळा झाला. हे चुकलं. माफ करा.

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हीच लिहिलंय की जुनी गाडी रोज ऑफिसला चाळीस किलोमीटर जायची, आता काम घरूनच असतं आणि गाडी मुलांना तीन किलोमीटरवरच्या शाळेत सोडण्यापुरती निघते. म्हणजे गाडीबरोबर गाडीचं कामही बदललं. हायब्रीड गार असताना निघाली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन सुरू होतं, कारण इंजिन आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम व्हावा लागतो. ते होईतो तुमची शाळा येते. परत निघेपर्यंत थोडं गार, पुन्हा तेच. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर चालायची हायब्रीडची खरी कमाई त्यानंतर सुरू होते, आणि तिथवर तुमची गाडी पोचतच नाही. जुनीने या फेऱ्यांत काय दिलं असतं, ते तुम्ही कधी मोजलेलं नाही.

एकदा लांब जाऊन या. नव्या गाडीत लिथियमची बॅटरी आहे. ती वजनाला जुनीपेक्षा हलकी आणि वीज झटपट घेते-देते. त्यामुळे इंजिन बंद राहण्याची वेळ बरीच वाढते. मोजताना मात्र डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. एकाच पंपावर टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथे थांबा, पुढच्या वेळी तसंच.

आवाजाचं म्हणाल, तर तुमचं बरोबर आहे. जुनं १४९७ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं होतं, नवं १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं. तीनचं थोडं थरथरतंच, त्याला औषध नाही. बदल्यात एकूण ताकद १०० वरून ११६ हॉर्सपॉवर झाली आणि पिकअप सुधारला. पण शांतपणा हवा असणाऱ्याला पिकअपचं कौतुक सांगून काय उपयोग? टेस्ट ड्राइव्हला चढावर न्यायला हवं होतं, तिथे लगेच कळलं असतं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. जुन्या गाडीची बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, २० मॉड्यूल म्हणजे छोटे गट, मिळून १४४ व्होल्ट. लोड टाकल्यावर त्यातल्या दोन मॉड्यूलचे व्होल्ट बाकीच्यांच्या खाली बसत होते. बॅटरी गार ठेवायला हवा ओढणारी, मागच्या सीटजवळची जाळी केसांनी आणि धुळीने गच्च होती, म्हणजे बॅटरी बरेच दिवस तापत असणार. गाडी चालत होती, आणखी काही काळ चाललीही असती. पण पुढच्या मालकाला ती विकताना मला हे सांगावंच लागणार, म्हणून तेवढे पैसे कमी केले. ‘बॅटरी संपलीच’ असं आमचा माणूस म्हणाला असेल तर ते खोटं होतं. संपली नव्हती, कमजोर झाली होती. तेव्हा घेतलेल्या रीडिंगची प्रत काउंटरवर ठेवली आहे, बाहेर कुणाला दाखवायची असेल तर घेऊन जा.

आणि नव्या गाडीतही मागच्या सीटखाली तशीच जाळी आहे. तिच्यासमोर पिशव्या, चादर काही ठेवू नका. गाडी देताना हे सांगायचं राहून गेलं होतं.

– मालक