भरलेली बॅग घेऊन एकदा तरी सिंहगड चढलायस का?

आज सकाळी भाच्याने प्लॅन पाठवला. दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलमधलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. पहिल्या दिवशी गुशैनी गावाहून थेट शिल्टचा कॅम्प, दुसऱ्या दिवशी राखुंडी टॉप करून खाली. सोबत दोन मित्र, गाइड नाही. शेवटी एक ओळ: 'मामा, राजगड-तोरणा एका दिवसात केलाय, टेन्शन नको.' तेव्हापासून डोकं फिरलंय.

पाय तयार आहेत, मान्य. पण राजगडावर पाठीवर होतं काय? पाणी, डबा, विंडचीटर. रात्री घरी येऊन झोपलास. इथे तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, शिधा धरून तेरा-चौदा किलो सहज होतात. ते घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचं असतं.

शिल्टचं नाव वाचून पोटात गोळा आला. वाटेतला खालचा कॅम्प, रोल्ला, तोच साधारण 2100 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1646. शिल्ट रोल्लाच्याही हजारभर मीटर वर. मी गेलो होतो तेव्हा सुट्ट्या कमी म्हणून आम्हीही शिल्टपर्यंतची दोन दिवसांची चढण एका दिवसात उरकली होती. प्लॅन माझा होता. रात्री उंचीच्या त्रासाने मित्राचं डोकं ठणकायला लागलं, दोनदा ओकला, मग बोलायचाच थांबला. गुशैनीचा आमचा गाइड न बोलता त्याची स्लीपिंग बॅग गुंडाळायला लागला. मी वाद घालत होतो, सकाळपर्यंत थांबू, टॉप एवढा जवळ आलाय! त्याने स्वतःची बॅग पाठीवर घेतली, मित्राची पोटावर, आणि एवढंच म्हणाला, 'भाईसाब, नीचे.'

त्या रात्री गाइड नसता तर? मी थांबलो असतो. नक्की थांबलो असतो.

आणि हे रीलवाले! बुटांचा ब्रँड सांगतील, जॅकेटवर डिस्काउंट कोड देतील. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, हे सांगणार नाहीत. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो, हेही नाही. शौचासाठी पाण्यापासून सत्तर पावलं लांब जाऊन वीतभर खड्डा खणायचा, कचरा खाली आणायचा, हे तर कुणीच बोलत नाही. 2014 साली जागतिक वारसा यादीत गेलेलं जंगल आहे ते, जुजुराणा या दुर्मिळ पक्ष्याचं घर. तिथे धावत जाऊन टॉप मारून यायचं?

गाइडचे पैसे कॉलेजच्या पोरांना जड जातात, हे खरंय. मी भरतो. पहिला मुक्काम रोल्लाला, नदीकाठी. एक रात्र वाढवा. राखुंडी झाली नाही तर नाही झाली.

आम्ही टॉर्चच्या उजेडात रोल्लाला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मित्र दगडावर टेकून बसला, आणि थोड्या वेळाने त्याने चहा मागितला. मी स्टोव्ह पेटवत होतो, हात थरथरत होते. थंडीने नव्हे.

म्हणून बाळा, रागाने लिहिलं असेल तर सोडून दे. रविवारी पहाटे पाचला सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीत ये. मित्रांनाही आण. बॅगा पूर्ण भरून, तंबू आणि पाणी धरून. वजनकाटा मी आणतो.