धाक, चोचले आणि घोड्याची पाठ

नमस्कार काका,

ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यांवर घोड्याने डौलदार चाली करण्याची विद्या, शिकवताना घोड्याला आणि स्वारालाही वेळ द्यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुम्ही चांगलेच खवळलात. 'हे पैसेवाल्यांचे चोचले. माझे वडील 15 दिवसांत घोडं नाचायला उभं करत. धाक नसला की जनावर डोक्यावर बसतं.' सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

पैशांचं तुमचं म्हणणं मान्य. 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं 41 वर्षांनंतरचं पहिलं; पण ते स्वार युरोपात राहून तयार झालेले. तो खर्च माझ्याही आवाक्याबाहेरचा आहे. मात्र स्वारीआधी घोड्याला दहा मिनिटं सैल लगामावर चालवायला काही पैसे पडत नाहीत.

आता धाक. माझी घोडी चावायला आली तर तिथल्या तिथे दटावते, लाड करत नाही. सावकाश जायचं ते शरीरासाठी. मेहनत सुरू केली की घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूंना महिने लागतात, कंडरा आणि हाडं सगळ्यांच्या मागून येतात. दम आला म्हणून आपल्याला घोडं तयार वाटतं आणि नेमका तेव्हाच पाय सुजतो. कण्याच्या हाडांची वाढ तर साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. तिथे धाक काय करणार?

जर्मन पद्धतीत पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी चालीचा ताल, मग अंगातला सैलपणा, मग लगामाशी तोंडाचा हलका संपर्क, त्यानंतर चालीतली उसळी आणि सरळपणा. मागच्या पायांवर भार घेऊन अंग गोळा करणं सगळ्यांत शेवटी. तुमचं जागच्या जागी नाचणारं घोडं या शेवटच्या पायरीवरचं, आणि आपण सुरुवातच तिथून करतो. मान देखणी दिसावी म्हणून लगाम खेचून हनुवटी छातीला भिडवतो. मान वळते, पण पाठ खाली दबते आणि मागचे पाय मागेच रेंगाळतात. गोरे लोक शहाणे आणि आपण अडाणी, असं मी म्हणत नाहीये. बक्षिसांसाठी तिकडेही हेच चालायचं. जबरदस्तीने मान अशी दुमडायला आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने 2010मध्ये मनाई केली. (काटेरी लगामाला तुम्ही 'जुनी रीत' म्हणालात. आपल्याकडे केंद्राच्या 1965च्या नियमांपासून तो बेकायदा आहे, एवढंच सांगते.)

नाचाचा विषय निघालाच आहे, तर झेनोफन नावाच्या ग्रीक घोडदळातल्या माणसाने सुमारे 2,400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय : घोडा बळजबरीने जे करतो ते त्याला उमगलेलं नसतं, नर्तकाला चाबकाने फोडून नाच सुंदर होत नाही. तेव्हा हे चोचले बरेच जुने आहेत.

आणि चाबूक मीही चालवलाय. एक घोडी उजवा कँटर (उजवा पुढचा पाय पुढे टाकत जाणारी संथ दौड) सहज घ्यायची, डावा काही केल्या नाही. महिनाभर मी तिला हट्टी ठरवून फटके देत होते. शेवटी शिक्षकांनी माझ्या रिकिबी काढून घेतल्या, घोडी लांब दोरीवर गोल फिरवायला घेतली आणि मला कमरेवर हात ठेवून बसायला लावलं. दुसऱ्याच फेरीत कळलं, मी पार उजवीकडे कलून बसत होते. तीन आठवडे माझी मांड सरळ करण्यात गेले, मग डावा कँटर फटक्याविना आला. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवशिक्यांना कित्येक महिने असंच बिनलगामी, बिनरिकिबी दोरीवर बसवतात. ते मला आधी निव्वळ कर्मकांड वाटायचं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही जाता जाता लिहिलंय की वडील शिंगराला वर्ष-दीड वर्ष टांग्यामागे बांधून बाजारहाटाला न्यायचे आणि घरातली पोरं त्याच्या पाठीवर पोतं टाकून खेळायची. ते 15 दिवस त्यानंतरचे ना? पहिलं खोगीर चढायचं तेव्हा शिंगरू किती वर्षांचं असायचं? आणि वडील आधी कोणती चाल पक्की करून घ्यायचे, दुडकी की रेवाल? दत्तजयंतीच्या यात्रेला मी येणार आहे. त्याआधी लिहिलंत तर उत्तम, नाहीतर तिथे बसून ऐकेन.