जिल्हा परिषदा बंद केल्याने पैसा वाचत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या चुलत्यांनी एक संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकला आणि खाली लिहिले, "वाचा, एकदम बरोबर आहे." हाच संदेश मला त्याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु चुलते दुधाचा व्यवसाय करतात, त्यांच्या वस्तीचा रस्ता जिल्हा परिषदेचा आहे, त्यांची नात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहे. त्यांनाच हे पटावे, याचा मला मनस्वी त्रास झाला. म्हणून हे लिहीत आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी प्रशासक आल्यापासून सदस्यांचा खर्च वाचला, ठेक्यांतील टक्केवारी (कमिशन) थांबली आणि कामे सुधारली, सातबारासह सर्व सेवा ऑनलाइन झाल्यामुळे मधल्या संस्थेची गरज उरली नाही, उद्योग एमआयडीसी आणते, स्थानिक अर्थव्यवस्थेशी जिल्हा परिषदेचा संबंध नाही, तिच्या शाळा म्हणजे निव्वळ पगारखर्च आहे, सबब शासनाने एक निर्णय काढून जिल्हा परिषदा कायमच्या बंद कराव्यात.

शेवटच्या मागणीला फार वेळ देण्याचे कारण नाही. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. तिच्यानुसार जिल्हा पातळीवर पंचायत स्थापन करणे राज्यावर बंधनकारक आहे आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणेही बंधनकारक आहे. मंत्रालयातून एक शासन निर्णय काढून हे रद्द करता येत नाही.

खरा घातक मुद्दा पहिला आहे, कारण तो ऐकायला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. शेवटी 6 मे 2025 रोजी न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात पैसा वाचला असे जो म्हणतो, त्याने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा हिशेब एकदा पाहावा. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी आयोगाने देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात या अनुदानातील 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींचा आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांचा प्रत्येकी 10 टक्के ठरला. त्यातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधील, तर उरलेली 40 टक्के अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार वापरता येणारी. मात्र हे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळते, ही त्याची अट आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2024-25 चा अबंधित अनुदानाचा दुसरा हप्ता महाराष्ट्राला दिला, तेव्हा पात्र ठरलेल्या संस्था होत्या 21,551 ग्रामपंचायती, 40 पंचायत समित्या आणि 4 जिल्हा परिषदा. राज्यात जिल्हा परिषदा 34 आहेत आणि पंचायत समित्या 351. निवडणूक न घेतल्याने बैठक भत्ते वाचले हे खरे, पण त्याच कारणाने नळपाणी योजनेचे, गटारांचे, शाळेच्या दुरुस्तीचे पैसे दिल्लीतच राहिले. याला बचत म्हणणे ही लोकांची शुद्ध दिशाभूल आहे.

टक्केवारीविषयी संदेशात जे लिहिले आहे, ते मात्र मला नाकारता येत नाही. नातेवाइकांच्या नावावर ठेके घेणारे सदस्य आणि पत्नीच्या खुर्चीवरून कारभार हाकणारे पती मीही पाहिले आहेत. तथापि बिल काढणारी यंत्रणा सदस्य असतानाही तीच होती आणि प्रशासक असतानाही तीच राहिली. फरक एवढाच पडला की सर्वसाधारण सभेत उभे राहून "या रस्त्याचे दुसऱ्यांदा बिल कसे निघाले?" असे विचारणारा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेणारा माणूस नाहीसा झाला. प्रशासक एकटाच ठराव मांडतो आणि एकटाच मंजूर करतो. तो कितीही सचोटीचा असला, तरी त्याची बदली झाल्यावर जाब कोणाला विचारायचा?

सातबाराचा मुद्दा तर माहितीअभावी लिहिलेला आहे. सातबारा महसूल खात्याचा. त्याच्याशी जिल्हा परिषदेचा संबंध पूर्वीही नव्हता. ऑनलाइन दाखल्यांमुळे हेलपाटे कमी झाले आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदतीत सेवा न मिळाल्यास अपिलाचा मार्ग दिला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकामे पद संकेतस्थळाने भरत नाही.

आता अर्थव्यवस्था. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात; शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले पाझर तलाव आणि कोल्हापुरी पद्धतीचे बंधारेही तिच्याच लघुसिंचन विभागाकडे असतात. चुलत्यांचे दूध पावसाळ्यात संकलन केंद्रावर वेळेत पोहोचते की नाही, हे एमआयडीसीवर नव्हे, तर वस्तीपासून फाट्यापर्यंतच्या त्या तीन किलोमीटरवर ठरते. त्याहून महत्त्वाची आहे जिल्हा नियोजन समिती. राज्यघटनेनुसार तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यामधून निवडायचे असतात. हे सदस्यच नसतील, तर जिल्हा वार्षिक योजनेतील निधी कोणत्या तालुक्याला, कोणत्या कामाला द्यायचा, हे पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी यांच्यातच ठरते. तेथे वस्तीच्या रस्त्याचा आग्रह धरणारे कोणी उरत नाही.

शाळांबद्दल एवढेच लिहितो, की पटसंख्या घटली आहे आणि काही शाळांची अवस्था वाईट आहे, हे मान्य. पण 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले जिल्हा परिषदेच्या परितेवाडीच्या शाळेतच शिकवत होते. शिवाय शाळा बंद केली, तरी शिक्षकांचा पगार शासनाला द्यावाच लागणार आहे. थांबेल ते वस्तीवरच्या लहान मुलींचे शिक्षण.

चुलत्यांच्या नातीला आठवीत सायकल मिळाली, ती जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून. या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखणे जिल्हा परिषदेवर बंधनकारक आहे, आणि आमच्या मतदारगटातील जिल्हा परिषद सदस्या पाठीमागे लागल्या म्हणून त्या वर्षी आमच्या गावातील मुलींची नावे यादीत आली. मी हे सारे चुलत्यांना फोनवर सांगितले आहे आणि त्यांनी ज्या ज्या व्हॉट्सअॅप गटांत तो संदेश टाकला, तेथे 34 पैकी 4 हा आकडाही टाकावा, अशी विनंती केली आहे.