‘चॉकलेटची जीभ नाही’ या वाक्याला उत्तर

नमस्कार.

विकतच्या फ्रोझन चॉकलेट मूसवर (मूस म्हणजे फेसाळ, मऊ गोड पदार्थ) मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांच्यासाठी इथे देते. एक, डब्यावर ‘फ्रीजमध्ये सहा तास ठेवा’ असं छापलेलं असताना मी तासाभरातच खाल्लं. दोन, वरच्या चॉकलेटच्या चकतीवरचा पांढरा थर म्हणजे ब्लूम (चॉकलेटमधली चरबी वर येऊन दिसणारा पांढरटपणा) नाही, साधा बर्फ आहे. तीन, ज्यांना फ्रीजरमधल्या पदार्थांचा मुळातच तिटकारा आहे आणि चॉकलेटची जीभ नाही, त्यांनी परीक्षणं लिहू नयेत. चार, बाकी लेख वाचनीय.

दुसरा मुद्दा मान्य. तो बर्फच असावा. बोट टेकवलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं: बोट ओलं झालं तर बर्फ, आणि उबेने थर पुसट होऊन बोटाला तुपकट लागलं तर वर आलेलं कोकोआ बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी. मी बोट न लावताच ‘ब्लूम’ लिहून मोकळी झाले. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तिसरं वाक्य. ते वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते, हे लपवत नाही. माझी चूक दाखवा, दहा वेळा दाखवा. पण कोणी लिहावं आणि कोणी लिहू नये हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? समोरासमोर बसून खात असतो तर हे बोलला असतात का?

तिटकारा म्हणता. माझी आई दिवसभर नोकरी करून यायची आणि आमचं अर्धं जेवण फ्रीजरमधून निघायचं. त्यावरच मी वाढले, त्याची मला कधी लाज वाटली नाही. अन्न झटकन गोठवण्याची पद्धत रुळवणारा अमेरिकी संशोधक क्लॅरेन्स बर्ड्सआय, त्याच्याबद्दल मी नेहमी आदरानेच बोलते. कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या थंडीत झटकन गोठलेला मासा वितळल्यावरही ताजा लागतो हे त्याने पाहिलं आणि १९२०च्या दशकात तेच काम यंत्रावर करून दाखवलं. पाणी सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेला रवाळ लागतात; झटकन गोठलं की इतके बारीक राहतात की जाणवत नाहीत. चांगलं गोठवलेलं मूस किती रेशमी असू शकतं हे मला ठाऊक आहे, म्हणून तर वाईट लागलं तेव्हा राग आला.

आणि जीभ. अकरा वर्षं मी ऑर्डरप्रमाणे चॉकलेटं करून दिली आहेत. कोकोआ बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यातली पाचवीच आपल्या कामाची असते. तिच्यामुळे चकाकी येते आणि तुकडा मोडताना ‘टक्’ असा आवाज होतो. ती साधायला डार्क चॉकलेट ३१-३२ अंशांवर धरून ठेवावं लागतं. थर्मामीटर बंद पडला त्या दिवशी मी खालच्या ओठाला थेंब लावत काम केलं. थेंब किंचित गार लागला पाहिजे, कोमट लागला तर थांबायचं. साठ तुकड्यांचा घाणा त्या ओठावर निघाला आणि एकही तुकडा पांढरा पडला नाही.

हे सांगावं की नाही, विचार करत होते. तीन वर्षांपूर्वी आजारपणात माझा वास गेला. वासाबरोबर चवही गेली, उरलं फक्त गोड, खारट, आंबट, कडू. रोज सकाळी कोकोचा डबा उघडून नाक आत घालायचे. सात आठवडे काही नाही, नुसती पूड नाकात जाऊन शिंक यायची. आठव्या आठवड्यात एका सकाळी भाजल्यासारखा, थोडा मातकट वास आला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. त्या बाईला तुम्ही ‘जीभ नाही’ म्हणालात. तुम्हाला माहीत नव्हतं, कबूल. पण माहीत नसताना लिहू नये, हा नियम तुम्हालाही लागू होतो.

राहिला सहा तासांचा मुद्दा. गारठ्यात गोडी कमी जाणवते, वास कमी सुटतो, हे मला शिकवायची गरज नाही. घाई झाली, पाहुणे यायचे होते. पण माझी मुख्य तक्रार टाळूवर बसलेल्या मेणासारख्या थराबद्दल होती. कोकोआ बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तोंडाची ऊब त्याहून जास्त, म्हणून चांगलं चॉकलेट आपोआप विरघळतं. डब्यावरच्या घटकांच्या यादीत (जे जास्त ते आधी) साखरेनंतर लगेच वनस्पती चरबी होती आणि कोको पाचवा. पाचवा! अशी चरबी कडक केलेली असेल तर तोंडाच्या उबेला दाद देत नाही. यादी सहा तासांनी बदलत नाही. गार मुसाने तोंडही गार पडतं आणि तेवढ्यापुरतं कोकोआ बटरही मेणचट लागतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. लेखातली ही तक्रार मी बदलणार नाही.

डब्यात दोन वाट्या होत्या. दुसरी सीलबंद आहे, फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात, उणे १८ अंशांवर. शनिवारी सकाळी ती फ्रीजमध्ये काढून ठेवीन, पूर्ण सहा तास, घड्याळ लावून. टाळूवर थर बसला की नाही ते संध्याकाळी इथेच, तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहीन. नाही बसला तर तेही लिहीन.

तोवर ते तिसरं वाक्य तुम्ही मागे घ्यावं, एवढीच अपेक्षा आहे.