खुलासा : गच्चीवरची १ किलोवॅटची पवनचक्की रोज २४ युनिट देत नाही

ठाणे, ऐरोली, खारघरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हिशोब असा: १ किलोवॅट गुणिले २४ तास म्हणजे रोज २४ युनिट, वीजबिल शून्य. हे चूक आहे.

१ किलोवॅट ही क्षमता सहसा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याची असते. वेग निम्मा झाला की वीज आठपट घटते. १२ मीटरला १००० वॅट देणारी चक्की ४ मीटरला जेमतेम ३७ वॅट देते. दिवसभर तसाच वारा राहिला तरी ०.९ युनिट. त्यात शेजारच्या टॉवरमुळे वारा भोवरे घेत येतो, पाती सारखी दिशा बदलतात, बेअरिंग लवकर झिजतं. मास्ट (चक्कीचा खांब) थेट स्लॅबवर बसवला तर कंपनं खालच्या घरात जाणवतात, वॉटरप्रूफिंग फुटून गळती लागते ती वेगळीच.

खर्च असा काढा: मास्ट, इन्व्हर्टर, बसवणी धरून दीड लाख मानू. रोज १ युनिट, २० वर्षांत ७३०० युनिट, म्हणजे युनिटला साधारण साडेवीस रुपये. बॅटरी लावली तर ती सहसा चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च यात नाही. तेवढ्याच क्षमतेचं सोलर इथे वर्षभराच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतं.

आगाऊ रक्कम देण्याआधी विक्रेत्याकडून ४ मीटर वेगाचा वॅटचा आकडा लेखी घ्या आणि गच्चीवर ॲनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावून वारा मोजा. फक्त पावसाळ्यातलं मोजमाप धरू नका.