पावणेचार तासांचा अर्धा पॉइंट

बुद्धिबळाची रेटिंग टूर्नामेंट, शाळेचा हॉल, पंख्यांची घरघर आणि समोर नऊ वर्षांचा पोरगा. पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे. माझ्याकडे काळी मोहरी, पण मी निवांत, कारण दोन महिने रात्री जागून फ्रेंच डिफेन्स, म्हणजे काळ्याने डाव सुरू करायची एक पद्धत, घोटला होता. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं (ई४) की आपण आपलं एकच घर (ई६), झाला फ्रेंच. नाव पडलं ते १८३४ ला सुरू झालेल्या लंडन-पॅरिस सामन्यावरून, पत्रं पाठवून खेळलेले ते लोक, पॅरिसवाल्यांनी हे वापरलं. याचं जन्माचं दुखणं म्हणजे सी८ चा उंट. आपलंच ई६ चं प्यादं त्याच्या वाटेत, त्यामुळे तो आतल्या खोलीतल्या आजोबांसारखा बसून राहतो. त्याला बाहेर कसं काढायचं याची माझी वहीभर तयारी, त्यातला विनावर नावाचा प्रकार तर पंधरा मूव्हपर्यंत तोंडपाठ.

ई४ ई६, डी४ डी५ झालं आणि तिसऱ्याच मूव्हला पोराने प्याद्याने प्यादं मारलं. एक्स्चेंज, फ्रेंचचाच साधा अदलाबदलीचा प्रकार! मी परत मारलं, पट दोन्हीकडून आरशासारखा सारखा, उंटाची वाट आपोआप मोकळी आणि माझी वही रद्दीत.

उघड्या ई-फाइलवर, म्हणजे राजासमोरच्या उभ्या पट्टीवर, हत्ती एकमेकांना खाऊन संपले, मग वजीर गेले. मी मूव्ह करून, घड्याळ दाबायच्या आधी, हळूच म्हटलं, "ड्रॉ?"

"नको काका."

नको! जसं काय मी त्याला कारल्याची भाजी वाढत होतो.

नव्वद मिनिटं, वर प्रत्येक मूव्हला तीस सेकंद, त्यामुळे वेळही संपेना. शेवटी उरले विरुद्ध रंगाचे उंट, त्याचा काळ्या घरांवर, माझा पांढऱ्या, म्हणजे तोच सी८ वाला, दिवसभर एकटा तोच मजेत फिरला. मग आम्ही तेच ते पुढेमागे करत बसलो आणि अचानक पोराने हात वर करून आर्बिटरला बोलावलं, तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली, ड्रॉ द्या म्हणून. मूव्ह लिहायच्या त्याच्या स्कोअरशीटवर मोत्यासारखं अक्षर, माझ्या शीटवर दोन मूव्ह गाळलेल्या आणि एक चहाचा डाग. त्याचीच शीट बघून ड्रॉ दिला, दोघांना अर्धा अर्धा पॉइंट.

बाहेर त्याची आई. "ड्रॉ? कुणाशी?" त्याने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याला जवळ घेऊन म्हणाल्या, "असू दे, होतं असं कधीकधी."

घरी बायकोला समजावलं की अगं १९८४-८५ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी कार्पोव्ह-कास्पारोव्ह ४८ डाव खेळले, त्यातले ४० ड्रॉ झाले.

"त्यांना दळण आणायचं नसेल," ती म्हणाली आणि डबा हातात दिला.